डावं-उजवं

तार्तूत, नदीकडे उतरणाऱ्या गल्लीत, तळघरात
आमचं हेडफोनचं दुकान.
दाराशी बुटांचा बर्फ झाडायला जाळी,
आत भिंतीवर एकेचाळीस खुंट्या.

मी आधी किंमत सांगत नाही.
विचारते, काय ऐकता?
आणि माणूस जरा लाजतो,
डॉक्टरांनी सदरा काढायला सांगितल्यासारखा.

परवा एक पोरगा आला, रात्र रात्र नाचणारा.
त्याला ढोल पोटात हवा होता.
दिली बंद पाठीची जोडी, जाड कातडी गाद्यांची.
गुडघा हलायला लागला त्याचा, मग थांबला.
गाणारी कुठे गेली?
म्हटलं, तुझ्या ढोलाखाली सापडली बिचारी.

रीने दातांच्या दवाखान्यात काम करते, मेटल ऐकते.
लोकांना वाटतं, तिला गोंगाट आवडतो.
तिला गोंगाट सुपात पाखडून हवा असतो,
दुहेरी पेडलचा दाणा न् दाणा वेगळा.
तीन महिने पैसे साठवून तिने जी नेली
ती माझ्याकडेही नाही.

नोव्हेंबरात एंडेल आला.
टोपी हातात, खिशात रुमालात गुंडाळलेली सीडी.
गायकवृंद, म्हणाला. चाळीस जणांचा. त्यात माझी हेल्यू.
स्वयंपाकघरातल्या रेडिओवर सगळे एकाच भांड्यात शिजतात,
मला ती एकटी हवी.

हे मला येतं, वाटलं मला.
गायकवृंदाला उघडी पाठ, जाळीची:
सूर बाहेर सांडतात, बसमध्ये शेजारी वैतागतो,
पण आत खोली उभी राहते,
लाकडी छत, रांगा, कोण कुणाच्या मागे, सगळं.
सगळ्यात महागडी काढली. मखमली गाद्या,
कानाच्या वळणाप्रमाणे तिरक्या कापलेल्या.

तो ऐकत राहिला. मान हलवली.
पुरुष आहेत. जाड्या आवाजाच्या बायका आहेत.
ती नाही.

दुसरी. तिसरी. वेगळी तार, वेगळा अँप.
पाचव्या जोडीला मी घामाघूम,
आणि तो माझीच समजूत काढू लागला:
राहू दे पोरी, मशीन तरी काय करणार?

कुठे उभी राहायची ती?
डावीकडे. पहिली रांग, टोकाला.
बोलताना तो उजवा कान पुढे करत होता.
इतका वेळ करत होता. मी पाहिलंच नव्हतं.
डावा कान, म्हणाला, मी लाकडाच्या गिरणीला दिला,
एकोणीस वर्षं, करवतीशेजारी.

मी महागडी जोडी उलटी करून त्याच्या डोक्यावर ठेवली.
बसेना. तिरकी गादी उलट्या कानाला लागेना,
मागे फट, फटीतून सगळे चाळीस जण पळून गेले.
मग वरच्या खुंटीवरची ती जुनी काढली,
गोल, सरळ गाद्यांची, जिला कुणी विचारत नाही,
जिला डावं-उजवं असं काही कळत नाही,
फक्त एका बाजूला पुसट अक्षर आहे.

उलटी घातली.
डावीकडचं सगळं उजव्या कानात आलं.

एंडेल काही बोलला नाही.
मी बिलाचा कागद सरळ करत बसले, सरळच होता तो.
दुसरं कडवं सरलं असेल तेव्हा
तो एकदम मोठ्याने म्हणाला, कान झाकलेली माणसं बोलतात तसं:
चुकीच्या जागी श्वास घेते!
शब्द मोडून! तेव्हाही सांगायचो!

पिशवी नको म्हणाला.
चिकटपट्टीचा तुकडा मागितला,
अक्षरावर लावला, त्यावर पेनने काहीतरी लिहिलं.
पायऱ्या चढून वर गेला, डोक्यावर जोडी तशीच उलटी,
तार कोटाच्या खिशात,
खिशात नुसता रुमाल.

सीडी माझ्या यंत्रातच राहिली होती.
ती द्यायला मी धावत वर गेले,
आणि कितीही हाका मारल्या
तरी त्याला ऐकू जाईना.